पन्नाशीत फँटसी कुठून सुरू करू?

पत्र: नमस्कार ताई. मी कोथरूडला राहते, वय एकोणपन्नास, बँकेत नोकरी. मुलगी लहान असताना तिच्याबरोबर हॅरी पॉटरचे सातही भाग वाचले आणि तिच्यापेक्षा मीच त्यात जास्त रमले. आता ती शिकायला बंगळूरला आहे. तिच्या आग्रहावरून गेल्या वर्षी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं पुस्तक हाती घेतलं. सात वर्षांच्या मुलाला खिडकीतून ढकलतात तिथे मी ते मिटलं आणि परत उघडलंच नाही. मुलगी म्हणते, मोठ्यांची फँटसी अशीच असते. नवरा म्हणतो, या वयात कसल्या जादूच्या गोष्टी वाचतेस? तो स्वतः ‘ययाति’ची पारायणं करतो. मला दोघांचंही पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. इंग्रजी कामापुरतं बरं आहे, कादंबऱ्या वाचायची फारशी सवय नाही. रात्री आवराआवर झाली की तासभर मिळतो. दहा-दहा खंडांच्या मालिका नकोत. चार-पाच पुस्तकं सुचवाल का? आणि सासूबाईंना हल्ली फारसं दिसत नाही, मी त्यांना रोज काहीतरी वाचून दाखवते. यातलं काही त्यांनाही चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर:

नमस्कार,

त्या खिडकीपाशी तुम्ही पुस्तक मिटलंत, त्यात वाचक म्हणून तुमचं काही उणं झालं नाही, हे आधी सांगते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज मार्टिन यांची ती मालिका मोठ्या ताकदीची आहे. राजकारणाची किंमत लहान मुलांनाही मोजावी लागते हे दाखवायला त्यांनी तो प्रसंग तिथे ठेवला आहे. पण तुम्हाला रात्री झोपण्यापूर्वी ते नको असेल तर तो तुमचा हक्क आहे. शिवाय पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहावा अजून आलेला नाही. लांबलचक मालिका नकोत म्हणणाऱ्या माणसाला मी ती एरवीही सुचवली नसती.

घरातल्या वादाचं म्हणाल, तर यजमानांना द्यायचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ‘ययाति’त शुक्राचार्यांच्या शापाने एक राजा बघता बघता म्हातारा होतो, पोटच्या मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो आणि मुलगा ते देऊन टाकतो. असं जगात कुठे घडत नाही. तरी खांडेकरांच्या या १९५९च्या कादंबरीला कुणी पोरांची गोष्ट म्हटलं नाही आणि १९७४ साली ज्ञानपीठ देताना कुणाला संकोच वाटला नाही. कारण तारुण्य परत मिळाल्याने ययातीचा प्रश्न सुटत नाही, तो उघडा पडतो. बापाची हाव कुठवर जाऊ शकते हे त्या एका मागणीत दिसतं. मोठ्यांच्या फँटसीकडे मी याच नजरेने बघते. लहान मुलांच्या गोष्टीत जादू अडचणीतून सोडवायला येते. मोठ्यांच्या गोष्टीत ती माणसाला पळवाट नसलेल्या जागी नेऊन उभी करते आणि तिथे जे मोजायचं ते त्यालाच मोजावं लागतं. रक्त किती सांडतं याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मुलीलाही सांगा.

अद्भुत म्हणजे बाळबोध ही समजूत आपल्याकडे तशी मूळची नाहीच. मराठी कादंबरी अद्भुताचं बोट धरूनच चालायला शिकली. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, आणि दोन्ही मोठ्या माणसांनी आवडीने वाचल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या बाईचं दुःख कादंबरीत आणलं. ते फार मोठं काम होतं, पण त्यानंतर वास्तव ते प्रौढ आणि चमत्कार तो मुलांचा, अशी वाटणी होत गेली. नारायण धारप इथेच पुण्यात राहून वर्षानुवर्षं भयाचं नि गूढाचं लिहीत राहिले. लोकांनी ते रात्री जागून वाचलं, समीक्षकांनी मात्र त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही. तुमच्या यजमानांचं मत या परंपरेतून आलेलं आहे, त्यांच्यावर रागावू नका.

आता पुस्तकं. तुमच्यासाठी पहिलं नाव उर्सुला ले ग्विन यांचं.

या अमेरिकन लेखिकेचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली आलं. दोनशेच्या आसपास पानं आणि जुन्या कहाणीसारखी संथ, स्वच्छ भाषा. जग सगळं बेटांचं. गाँट नावाच्या बेटावर शेळ्या राखणारा, आईवेगळा मुलगा गेड जादूगारांच्या शाळेत जातो. तुम्हाला लगेच हॅरी पॉटरची शाळा, हॉगवर्ट्स आठवेल. ही शाळा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची आहे आणि इथे मुलाला कुणी निवडून आणलेलं नाही, कुणी खलनायक त्याच्या वाटेवर बसलेला नाही. वर्गातल्या एका मुलापुढे मिरवायचं म्हणून गेड मेलेल्या माणसाला बोलावतो. त्या फटीतून एक सावली आत येते. त्याचा चेहरा फाटतो, फट बुजवताना शाळेच्या वृद्ध प्रमुखांचा जीव जातो, आणि उरलेलं पुस्तक म्हणजे त्या एका रात्रीची भरपाई. सावलीपासून पळता पळता तो थकतो आणि मग वळून तिचाच पाठलाग करू लागतो, तो भाग तर खास आहे. गेडचा रंग तांबूस-सावळा आहे. ले ग्विन यांनी तो जाणूनबुजून तसा ठेवला होता आणि मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवल्याबद्दल त्या उघड नाराजी बोलून दाखवत.

पुस्तक कुमारांसाठी म्हणून लिहून घेतलेलं आहे, हे खरं. तरी सुरुवात तिथूनच करा, कारण भाषा सोपी पडेल आणि पुढच्या दोन पुस्तकांचा पाया तिथे आहे.

दुसरं ‘द टूम्स ऑफ अटुआन’, १९७१चं. टेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी आईबापांपासून तोडून देवस्थानात आणतात. मेलेली पुजारीण हिच्या रूपाने पुन्हा जन्मली असं ठरवून तिचं नाव काढून घेतात, आणि ती म्हणजे देवांनी गिळलेली मुलगी असं सगळे मानू लागतात. जमिनीखाली भुयारांचा चक्रव्यूह आहे आणि मुख्य तळघरात दिवा न्यायला बंदी. ती मुलगी काळोखात भिंती चाचपत, वळणं मोजत तो पाठ करते. पुढे त्या अंधारात तिला पहिल्यांदा उजेड दिसतो, तो एका चोराच्या हातातला. देवाला सोडलेल्या मुलींच्या कहाण्या आपल्या मुलखाला परक्या नाहीत. सत्ता दिल्यासारखं करून माणसाला कोंडायचं कसं, हे या लहानशा पुस्तकाइतकं नीट मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

तिसरा भाग तुम्ही नंतर कधीतरी वाचा. जग सावरताना गेडने आपली सगळी शक्ती खर्च करून टाकली, एवढं त्यातलं ठाऊक असलं की पुरे. मग थेट चौथं घ्या, ‘तेहानू’. तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी, १९९० साली ते आलं आणि त्याला फँटसी-विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. ही तीन पुस्तकं सुचवण्यामागे माझा सगळा रोख या एका पुस्तकावर आहे.

टेनार आता मध्यमवयीन आहे. जादू शिकायची संधी तिने तरुणपणीच सोडली, एका शेतकऱ्याशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा जहाजावर. अशा वेळी तिच्या घरी एक होरपळलेली पोर येते, तिच्याच माणसांनी छळून आगीत टाकलेली. आधीच सांगून ठेवते, हा अत्याचार लेखिकेने पडद्याआड ठेवला आहे, पण त्याचा चटका पुस्तकभर लागत राहतो आणि ती माणसं पुढे पुन्हा येतात. तरीही तुम्ही हे वाचाल असं मला वाटतं, कारण इथे गोष्ट त्या मुलीला सोडून पुढे पळत नाही. तिला भरवणं, ती घाबरली की अंधारात तिच्याजवळ पडून राहणं, तिच्या भाजलेल्या बाजूकडे नजर न चुकवता बघायला शिकणं, यातच पुस्तकाची पानंच्या पानं जातात.

आणि गेड परत येतो. ज्याचे पोवाडे बेटाबेटांवर गातात तो माणूस आता रिकामा आहे. राजाचे दूत शोधत आले तर त्यांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटते आणि तो डोंगरावर कुणाच्या तरी शेळ्या राखायला निघून जातो. पद गेल्यावर घरात कसं वावरायचं हे न कळणारे कर्ते पुरुष तुम्ही बँकेतही पाहिले असतील, नात्यातही. टेनारला त्याची कीव येते, रागही येतो, आणि ती दोन्ही गोष्टी त्याला बोलून दाखवते. तिचा मुलगा समुद्रावरून परततो तेव्हा आईने आपली उठबस करावी हे धरूनच चालतो, आणि आपण वाढवलं ते हेच का, हा प्रश्न तिला पडतो. ड्रॅगन आहे, तो भव्यही आहे. पण माझ्या लक्षात राहते ती चुलीपाशी बसून विचार करणारी ही बाई, की पुरुषांच्या जादूला शाळा, काठी, मान, आणि बायकांच्या जादूला फक्त नावं ठेवणं, असं का? पहिल्या तीन पुस्तकांवर प्रेम करणारे काही वाचक या पुस्तकावर नाराज झाले होते. मला ते चारांत सर्वांत धीट वाटतं.

या तिन्हींच्या मध्ये श्वास घ्यायला सुझाना क्लार्क यांचं ‘पिरानेसी’ वाचा. २०२०चं हे पुस्तक अडीचशे पानांच्या आसपास आहे, एकटंच आहे, मागेपुढे काही नाही. २०२१चा ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ त्याला मिळाला. हा सन्मान सर्व प्रकारच्या कादंबऱ्यांमधून दिला जातो, तेव्हा कुणी फँटसी म्हणून नाक मुरडलं तर हे सांगायला हरकत नाही. एक प्रचंड घर आहे, दालनांमागून दालनं, संपतच नाहीत. खालच्या मजल्यावर समुद्राच्या भरत्या येतात, वरच्यात ढग फिरतात, मधल्यात पुतळेच पुतळे. तिथे एक माणूस राहतो. तो भरती-ओहोटीच्या वेळा टिपतो, मासे आणि शेवाळ खातो, सापडलेल्या मृतांच्या हाडांना फुलं वाहतो. आठवड्यातून दोनदा त्याला दुसरा एक माणूस भेटतो, आणि हा माणूस खरं बोलत नाही, असं आपल्याला त्याच्या आधी कळू लागतं.

त्यातला एक प्रसंग. अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी त्या दालनांत येते आणि तिला घरटं बांधायचं असतं. थंडी तोंडावर आहे आणि या माणसाने सरपणासाठी सुकवलेलं शेवाळ साठवून ठेवलंय. तो हिशोब मांडतो, एवढं दिलं तर मला किती दिवस गारठावं लागेल? आणि मग नेऊन देतो. जगात एक नवा अल्बट्रॉस येणार असेल तर चार दिवसांच्या गारठ्याचं काय, असं त्याला वाटतं. पुढे त्या वर्षाला तो पक्ष्यांच्याच नावाने ओळखतो. कसलं मोठं रहस्य आहे ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणते की, एकटं राहावं लागलेल्या, आजारपणात चार भिंतींत काढलेल्या माणसांना हे पुस्तक फार जवळचं वाटतं. क्लार्क यांची आधीची कादंबरी २००४ची. मधली बरीच वर्षं त्यांची स्वतःची दीर्घ आजारपणात गेली.

पहिली पंधरा-वीस पानं चक्रावून टाकतील. दालनांची नावं, दिशा, तारखा, काहीच लागणार नाही. थांबू नका. ते वाचकाने गोंधळावं म्हणूनच तसं लिहिलं आहे आणि पुढे आपोआप उलगडतं.

तिसरा लेखक टेरी प्रॅचेट. डिस्कवर्ल्ड नावाच्या जगावर त्यांनी ४१ कादंबऱ्या लिहिल्या. आकडा ऐकून दचकू नका, बऱ्याचशा स्वतंत्र आहेत. तुम्ही फक्त १९९२चं ‘स्मॉल गॉड्स’ वाचा. त्या जगात देवाची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर चालते. ओम नावाच्या थोर देवाचं मोठं साम्राज्य आहे, मंदिरं आहेत, धर्मगुरू आहेत, छळकोठड्या आहेत. तो देव एकदा थाटात अवतार घ्यायला जातो आणि साधं कासव होऊन बसतो. का, तर एवढ्या सगळ्या व्यवस्थेत मनापासून श्रद्धा असलेला एकच जण उरलाय, ब्रुथा नावाचा, लिहिता-वाचता न येणारा उमेदवार. बाकीचे सगळे देवाला भिण्याऐवजी त्या संस्थेला भितात. हे वाचताना मराठी माणसाला तुकोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. आम्ही पतित आहोत म्हणून तुला देवपण आहे, असं विठोबाला हक्काने ऐकवण्याची आपली रीत जुनी आहे. पुस्तक खळखळून हसवतं, पण शेवटाकडे वाळवंटातून चालताना ब्रुथा जे वागतो त्याने गलबलून येतं. यातलं इंग्रजी कोट्यांनी भरलेलं आहे, म्हणून आधीची पुस्तकं झाल्यावरच हे घ्या. आणि झाल्यावर यजमानांच्या उशाशी ठेवा.

आणखी एक हवंच असेल तर दोन नावं सांगते, मूड बघून एक निवडा. गाय गॅव्हरियल के यांचं ‘टिगाना’ (१९९०) जाडजूड आहे, पण एकाच खंडात संपतं. लढाईत मुलगा गमावलेला एक जादूगार राजा सूडापोटी जिंकलेल्या प्रांताचं नावच पुसून टाकतो. तिथे जन्मलेल्यांखेरीज कुणाला ते नाव ऐकूही येत नाही. ती पिढी संपली की प्रांतही संपला. कॅथरीन अ‍ॅडिसन यांचं ‘द गॉब्लिन एम्परर’ (२०१४) याच्या उलट, जवळजवळ सगळं दरबारात घडतं. बापाने दूर टाकलेला अठरा वर्षांचा मुलगा, वडील आणि थोरले भाऊ एका अपघातात गेल्यामुळे अचानक गादीवर बसतो आणि चांगुलपणा न सोडता राज्य करायला शिकतो. दिवसभर ऑफिसात डोकं पिकलेलं असेल तर हे फार निववतं. नावं मात्र विलक्षण अवघड आहेत. मागे यादी दिली आहे, ती वापरा.

एक पुस्तक आत्ता नको, असंही सांगते. एन. के. जेमिसिन यांचं ‘द फिफ्थ सीझन’ तुम्हाला सगळे सुचवतील, आणि बरोबरच सुचवतील. त्या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ तीन ह्यूगो पुरस्कार (हेही फँटसी-विज्ञानकथांचेच) मिळाले. पण त्याची सुरुवात एका आईपासून होते, जिच्या चिमुकल्या मुलाला त्याच्याच बापाने मारलंय. खिडकीचा तो प्रसंग अजून मनात ताजा असताना हे हातात घेऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी घ्या. तुमच्या मुलीला मात्र दिवाळीला खुशाल पाठवा, तिला आवडेल.

टॉल्किन राहिले असं म्हणाल. त्यांचं मोठं पुस्तक, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं आणि मुग्धा कर्णिक यांनी ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलं आहे. तीन खंड असले तरी ती एकच गोष्ट आहे. सिनेमात त्याचा नायक फ्रोडो कोवळा पोरगा दिसतो. पुस्तकात मुद्रिका घेऊन तो घर सोडतो तेव्हा पन्नास वर्षांचा असतो. हॉबिट, म्हणजे फ्रोडोच्या जातीची बुटकी माणसं, तेहतिसाव्या वर्षी सज्ञान होतात हे धरलं तरी तो काही शाळकरी पोर नाही. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या लढाईच्या खंदकांत होते. म्हणूनच की काय, जग वाचवून घरी आलेला फ्रोडो बरा होत नाही. दर वर्षी त्या तारखेला जुनी जखम पुन्हा ठसठसते आणि ज्या गावासाठी हे सगळं केलं तिथे त्याचं मन लागत नाही. हे लहान मुलांना समजायला नको, आपल्याला समजतं. सुट्टी लागून आली किंवा पावसाळ्याचे दोन मोकळे आठवडे मिळाले, तर त्यासाठी हे राखून ठेवा.

मराठीतच काही वाचावंसं वाटलं तर जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ (१९७५). ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा त्यात आहेत. नकाशावर नसलेले प्रदेश, जुनाट देवळं, आपल्या नियतीचा अर्थ शोधत निघालेली माणसं. त्यावर फँटसीचं लेबल कुणी लावत नाही, पण वर सांगितलेल्या कुठल्याही पुस्तकाशेजारी ते ताठ उभं राहील. एका बैठकीत संपवायचा प्रयत्न करू नका, थोडं थोडं वाचा. जेम्स स्टीफन्स या आयरिश लेखकाची ‘द क्रॉक ऑफ गोल्ड’ ही अद्भुतिकाही जी.एं.नी ‘सोन्याचे मडके’ म्हणून मराठीत केली, तीही मिळाली तर बघा.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. पहिली तीस पानं शब्दकोश न उघडता वाचा. नवीन सोसायटीत राहायला गेलं की पहिल्या आठवड्यात कोण कुठल्या मजल्यावर हे कळत नाही आणि महिन्याने आपण सगळ्यांना नावाने हाका मारतो, तसंच या जगांचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा असेल तर तिथे बोट ठेवून वाचायला लाजू नका, तो त्यासाठीच छापलेला असतो. ई-बुकचं पहिलं प्रकरण नमुना म्हणून फुकट उतरवून घेता येतं. ते वाचून जमतंय असं वाटलं तरच पैसे घाला. छापील प्रत हवी असेल तर अप्पा बळवंत चौकात विचारा, समोर नसली तरी मागवून देतात का ते बघा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून सुरू झालाय. तिथे पाच-दहा पानं उभ्याउभ्या वाचून ठरवता येईल. मराठी पुस्तकांसाठी पुणे नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घेतलंत तर उत्तम. १८४८ पासूनची संस्था आहे, आणि तुमच्याकडे महिन्याला एखाददुसरंच पुस्तक वाचून होणार, तेव्हा सगळं विकत घेण्यात अर्थ नाही.

आता सासूबाई. इंग्रजीतलं मनातल्या मनात मराठी करत वाचून दाखवणं तुम्हालाही जड जाईल आणि त्यांनाही रस वाटणार नाही. त्यांच्यासाठी ‘कथासरित्सागर’ आणा. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी संस्कृतात रचलेला हा कथांचा डोंगर मराठीत खंडाखंडांनी मिळतो. विद्याधर, वेताळ, आकाशातून जाणारी माणसं, शापाने पक्षी झालेले राजे, सगळं आहे. आणि ते एका राणीसाठी, म्हणजे मोठ्या बाईसाठीच लिहिलेलं आहे. गोष्टीत गोष्ट असल्यामुळे रोज अर्धा तास वाचून कुठेही थांबता येतं, आणि काल कुठवर आलो होतो हे सासूबाईच तुम्हाला सांगतील.

सुरुवात पहिल्या लंबकापासून, म्हणजे ‘कथापीठ’ या पहिल्या भागापासूनच करा, कारण गुणाढ्याची हकिगत तिथे आहे आणि तिचं गाव आपलं पैठण आहे. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित पैज हरतो, संस्कृतासह माणसांच्या भाषा सोडतो आणि रानात बसून ‘पैशाची’, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची कथा लिहितो. राजा ती धुडकावून लावतो. मग गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवून एकेक पान मोठ्याने वाचतो आणि आगीत टाकतो. रानातले पशुपक्षी चरणं सोडून भोवती उभे राहतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागतं, तो आजारी पडतो, चौकशी होते, शिकारी कारण सांगतात. राजा धावत रानात पोचतो तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात.

हा भाग एका बैठकीत वाचून दाखवा, मध्ये तोडू नका. पुढच्या काही कथा शृंगारिक आहेत, आणि बायकांविषयी काही ठिकाणी फार वाईट बोललेलं आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी काय वाचायचं ते आदल्या रात्री चाळून ठेवत जा. सासूबाईंना चालतील त्या वाचा, नाहीतर पान उलटून पुढची घ्या. वेताळाच्या पंचवीस गोष्टी याच ग्रंथात आहेत, बाराव्या लंबकात. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ राजाला कोडं घालतो. तिथे लगेच उत्तर वाचू नका, आधी सासूबाईंना विचारा.